छातीतली दोन बिऱ्हाडं

हार्ट अटॅकनंतर आत्या घरी आली तेव्हा तिच्या डिस्चार्ज कार्डावर सहा औषधं होती. अ‍ॅस्पिरिन, टिकाग्रेलॉर, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल, अ‍ॅटोरवास्टॅटिन आणि लघवीची गोळी, म्हणजे फ्रुसेमाइड. हृदयाच्या कोणत्याही डॉक्टरने ही यादी बघून मान डोलावली असती. पण आत्याला तिशीपासून दमा आहे, आणि या सहांतल्या चार गोळ्यांचा श्वासाशी काही ना काही संबंध येतो. तिच्या कापडी पिशवीत दुसरीही एक यादी होती, ती कार्डावर कुणी उतरवलीच नव्हती: साल्ब्युटामॉलचा पंप, डेरिफायलिनच्या गोळ्या आणि थंडीत फारच झालं तर पाच दिवसांचं प्रेडनिसोलोन.

या दोन याद्यांवरून आमच्या घरात वाद झाला. एका बाजूला काका, आत्याचे धाकटे भाऊ, कराडजवळच्या गावात दोन पिढ्या तपासलेले फॅमिली डॉक्टर. आत्याचा दमा त्यांनीच सांभाळला. दुसऱ्या बाजूला माझी थोरली बहीण, पुण्यात हृदयरोगतज्ज्ञ. मी ऐकणारा आणि लिहून घेणारा. मधूनमधून माझं मत घुसवलंय. ते वेगळं ओळखू येईल.

काका: आधी ही मेटोप्रोलॉल काढ. दम्याच्या माणसाला बीटा ब्लॉकर द्यायचा नाही. सेकंड एमबीबीएसला पाठ करून घेतलंय आमच्याकडून.

बहीण: तुमच्याकडून पाठ करून घेतलं ते प्रोप्रॅनोलॉलबद्दल, काका. ते बरोबरच होतं आणि आजही बरोबर आहे. ही गोळी वेगळी.

काका: वेगळी म्हणजे चुलत बहीण. घराणं तेच.

बहीण: आत्याचा इको बघितलात? हृदयाची पंप करण्याची ताकद ३५ टक्के राहिलीय. साधारण ५५ ते ६०च्या वर हवी. ही गोळी काढली तर काय जातं, ते आधी विचारा.

घराणं तेच, हे मात्र खरं. अमेरिकन औषधशास्त्रज्ञ रेमंड आल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडलं की अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं शरीरात दोन प्रकारच्या ग्राहकांवर काम करतात, अल्फा आणि बीटा. १९६७ मध्ये बीटाचेही दोन गट पाडले गेले. पहिला मुख्यतः हृदयात: त्याला संदेश मिळाला की ठोके वाढतात, आकुंचन जोरात होतं. दुसरा श्वासनलिकांच्या स्नायूत: त्याला संदेश मिळाला की नळ्या सैल होतात, हवा मोकळी वाहते. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं आणि पाण्याची लाइन एकच, असा हा प्रकार. एकाकडे पाणी फार येतं म्हणून वरचा कॉक फिरवला की दुसऱ्याची घागर रिकामी.

गंमत अशी की कॉक बंद करणारं आणि उघडणारं, अशी दोन्ही औषधं एकाच देशात, एकाच दशकात तयार झाली. स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत प्रोप्रॅनोलॉल शोधलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर ते वापरात आलं आणि १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. हृदयावरचा अ‍ॅड्रेनलिनचा मारा थांबवायचा, ही त्यांची कल्पना. इकडे डेव्हिड जॅक आणि त्यांचे सहकारी नेमकं उलटं करत होते: हृदयाला फार न डिवचता फक्त श्वासनलिका उघडेल असं औषध. ते साल्ब्युटामॉल, १९६९ मध्ये बाजारात आलं. त्याआधीच्या आयसोप्रिनॅलिनच्या पंपांना हा भेदच कळत नव्हता. ते हृदय आणि फुप्फुस दोघांनाही सारखंच हाकत, आणि साठच्या दशकात इंग्लंडमध्ये दम्याचे मृत्यू वाढले तेव्हा बोट या जोरकस पंपांकडेच दाखवलं गेलं.

काका: प्रोप्रॅनोलॉलचं मी पुस्तकातलं बोलत नाही. एक मुलगी आली होती, पंचविशीतली. लहानपणी दमा, मग वर्षानुवर्षं काही नाही. अर्धशिशीसाठी तालुक्याला कुणीतरी प्रोप्रॅनोलॉल लिहिलं. दमा आहे का, हे विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिच्या लेखी दमा गेलेला. रात्री आणली तेव्हा ओठ निळे. नेब्युलायझर लावला, साल्ब्युटामॉल दिलं, फरक शून्य. का? ज्या कुलपाला चावी लावायची ते कुलूपच आतून भरलेलं.

बहीण: मग इप्राट्रोपियम दिलंत?

काका: दिलं. त्याचा रस्ता वेगळा, म्हणून वाचली. ऑक्सिजन लावून कराडला पाठवली. तेव्हापासून हे नाव ऐकलं की मी सावध होतो. ही गोळी अर्धशिशीला देतात, हात थरथरतात त्याला देतात, थायरॉइड वाढला की देतात, स्टेजवर जायची भीती वाटते त्यालाही देतात. हृदयाचा काही संबंध नाही आणि माणूस धापा टाकतोय.

बहीण: इथं माझा वाद नाहीच. प्रोप्रॅनोलॉल, सोटॅलॉल, कार्व्हेडिलॉल या दोन्ही बीटांना अडवतात. दमा असेल तर मी त्यांना हात लावणार नाही. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या मुख्यतः पहिल्याला अडवतात.

काका: मुख्यतः! त्या शब्दावर माझ्या बहिणीचा श्वास टांगायचा?

बहीण: डोस वाढला की तो भेद पुसट होतो, मान्य. म्हणून तर कमी डोसनं सुरुवात. पण १९९९ मध्ये दोन मोठे अभ्यास आले, एकात बिसोप्रोलॉल, दुसऱ्यात मेटोप्रोलॉल. दुबळ्या हृदयाच्या हजारो लोकांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. एवढं देणारी औषधं आमच्याकडे बोटावर मोजण्याइतकी आहेत. तुमच्या नियमानं ते आत्याला मिळणार नाही, आणि नियम पाळल्याचं समाधान मात्र तुम्हाला मिळणार.

काका: बिसोप्रोलॉलच्या त्या अभ्यासात दम्याचे रुग्ण घेतले होते?

बहीण: (जरा थांबून) नाही. आधीच वगळले होते.

काका: मग तो फायदा तू आक्काच्या खात्यावर कसा जमा करतेस?

प्रश्न चोख होता. औषधांच्या जगात ही अडचण नेहमीची: ज्यांना धोका होईल अशांना अभ्यासातून बाहेर ठेवतात, आणि मग नेमका त्यांच्याबद्दलच निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा हातात आकडा नसतो. बहिणीनं त्यावर एक जुना आढावा काढला. सौम्य ते मध्यम दम्याच्या लोकांना पहिल्या बीटावर काम करणाऱ्या गोळ्या दिल्या. पहिल्या डोसनंतर एका सेकंदात बाहेर फेकलेली हवा सरासरी साडेसात टक्क्यांनी कमी झाली, काही दिवस गोळी चालू ठेवल्यावर फरक जवळपास उरला नाही आणि पंपाचा उपयोगही होत राहिला.

काका: सरासरी मला नको. २०१४ च्या विश्लेषणात काय आलं सांग. आठांतल्या एकाची हवा २० टक्क्यांहून जास्त घसरली. तो आठवा माणूस सरासरीत दिसत नाही, माझ्या दवाखान्याच्या बाकावर दिसतो.

बहीण: घसरली, पण त्यातल्या बहुतेकांना त्रास जाणवला नाही, हेही त्याच विश्लेषणात आहे. आणि आत्या आठ दिवस २५ मिलिग्रॅम घेतेय. पहिला डोस कधीच पचला.

काका: त्यातले बरेच दिवस ती एसी खोलीत पडून होती! आता हंगाम सुरू आहे. कारखान्याची धुराडी, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, रात्री फडात पाचट पेटवतात. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आक्काला दोनदा तरी जोराचा अटॅक येतो. मला पहिल्या डोसची भीती नाही. त्या रात्री तिनं पंप मारला आणि तो अर्धाच लागू पडला तर, याची आहे.

इथे बहीण गप्प झाली. मला वाटतं, साऱ्या वादात काकांचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. अभ्यासात माणूस स्थिर असताना गोळी देऊन हवा मोजतात. दम्याचा धोका मात्र स्थिर दिवसात नसतो. तो थंडी, धूर, सर्दी, धुळीच्या एखाद्या वाईट रात्री असतो. पहिल्या बीटापुरती म्हणवणारी गोळीही पंपाचा जोर काही अंशी कमी करते, हे मोजलेलं आहे. कराडच्या उसाच्या पट्ट्यात डिसेंबरची रात्र कशी असते, हे मात्र गावात राहणाऱ्यालाच ठाऊक.

बहीण: बरं. मग असं विचारते. तुमच्या केसपेपरवर ज्यांच्यापुढे ‘दमा’ लिहिलंय त्यातले खरे दमेकरी किती?

काका: म्हणजे?

बहीण: चुलीसमोर जन्म गेलेल्या बायका, बिडीवाले म्हातारे. त्यांना दमा नाही, सीओपीडी आहे. नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. त्यांना मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल बहुतेक वेळा चालतात, हृदयासाठी गरज असेल तर द्याव्यात असंच आज सांगतात. आणि काहींना तर फुप्फुसाचा आजारच नसतो. हृदय दुबळं, फुप्फुसात पाणी साठतं, रात्री उठून बसावं लागतं, छातीत घरघरही ऐकू येते. अशाला तुम्ही डेरिफायलिन द्याल आणि ज्या गोळीनं तो जगला असता ती दमा म्हणून नाकाराल.

काका: सीओपीडीलाही सगळं गोड नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयाचं कारण नसताना सीओपीडीवाल्यांना मेटोप्रोलॉल देऊन बघितलं, तर गंभीर त्रासानं अ‍ॅडमिट होणारे वाढले.

बहीण: हृदयाचं कारण नसताना, हे तुम्हीच म्हणालात.

काका: (हसून) म्हणालो. स्पायरोमेट्री करायला हवी हेही मान्य. पण ते मशीन माझ्याकडे कधीच नव्हतं. माझ्याकडे स्टेथोस्कोप आणि अनुभव. ज्याच्याकडे मशीन नाही, उद्या फोन करून विचारायला माणूस नाही, त्याच्यासाठी ‘देऊ नको’ हाच नियम बरा. तुझ्या ‘बघून द्या’त बघणारा कुणीतरी असावा लागतो.

काकांचं हे बोलणं मला पटलं, आणि म्हणूनच पुढे जे झालं त्यात मजा आली. बहिणीनं कापडी पिशवी स्वतःकडे ओढली आणि डेरिफायलिनची पट्टी बाहेर काढली.

बहीण: ही कुणी लिहिली?

काका: मी. गेली कित्येक वर्षं घेतेय ती.

बहीण: डिस्चार्जनंतर किती घेते?

काका: दोनाच्या तीन केल्या. घरी आल्यापासून दम लागतो म्हणाली.

बहीण: काका, यात थिओफायलिन आहे. हृदयाचे ठोके वाढवणारं, ताल बिघडवणारं. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर एवढंसं. रक्तात मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही जुनी पट्टी, आता तर त्याहूनही खाली ठेवा म्हणतात. वीसच्या पुढे उलट्या, धडधड; आणखी वर गेलं तर ताल बिघडतो, फिट येते. आणि हे औषध शरीराबाहेर कोण काढतं?

काका: लिव्हर.

बहीण: हृदय ३५ टक्क्यांवर आलं की लिव्हरला रक्त कमी पोचतं, त्यात रक्त तुंबतंही. औषध निघायला वेळ लागतो. म्हणजे तिची गोळी तीच राहिली तरी रक्तातली पातळी चढणार. आणि तुम्ही गोळी वाढवलीत.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली, जणू काही नवं लिहिलेलं सापडेल.

काका: नेब्युलायझर नव्हता तेव्हा रात्री दोन वाजता याच औषधानं लोकांना श्वास दिलाय मी. पंचवीस टक्के ग्लुकोजमध्ये अमिनोफिलिन, वीस मिनिटं हळूहळू, डावा हात पेशंटच्या नाडीवर.

बहीण: नाडीवर का ठेवायचात?

काका: ठोके उसळले तर थांबायला.

बहीण: म्हणजे तुम्हालाही हृदयाची भीती होतीच. फक्त ती तुमची स्वतःची गोळी होती, म्हणून तिला तुम्ही धोका म्हटलं नाही.

मला वाटतं, या वादाचं मर्म इथे होतं. काकांना बीटा ब्लॉकरचा धोका झोपेतही आठवतो, थिओफायलिनचा आठवत नाही. बहिणीचं नेमकं उलटं. ज्याच्या त्याच्या हातातलं औषध सवयीचं, भीती समोरच्याच्या औषधाची. दोघंही हुशार, दोघंही आत्यावर जीव लावणारे. तरीही प्रत्येकाची नजर एकाच बिऱ्हाडावर. आणि थिओफायलिनला शेजारपाजारही त्रासदायक. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर त्याची पातळी वाढते. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या व्हेरापामिल, डिल्टियाझेमनेही काही प्रमाणात वाढते. बिडी ओढणाऱ्यांत ते लवकर निघून जातं, म्हणून अटॅकनंतर एखाद्यानं शहाण्यासारखी बिडी सोडली की त्याच गोळीची पातळी वाढू लागते. चांगलं काम केल्याची ही शिक्षा कुणी त्याला आधी सांगत नाही. कफ झाला की सर्रास लिहिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन तर आत्याच्या यादीत एकदम तिघांना उचकवू शकतं: थिओफायलिन, अ‍ॅटोरवास्टॅटिन आणि टिकाग्रेलॉर, या तिघांची रक्तातली पातळी चढते.

टिकाग्रेलॉरचं नाव निघालं आणि बाजू फिरली. आत्या कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती, तिला बहिणीनं पहिल्यांदाच विचारलं.

बहीण: आत्या, दम लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

आत्या: दम्यासारखं नाही गं. घरघर नाही, खोकला नाही. नुसतं बसलेलं असलं तरी मधेच एक मोठा श्वास घ्यावासा वाटतो. घेतला की बरं.

काका: हे तू मला असं सांगितलं नाहीस.

आत्या: तू विचारलंस का? दम लागतोय म्हटल्यावर गोळी वाढवलीस.

काका: (बहिणीकडे वळून) आणि तू? तुझ्या हृदयाच्या लोकांनी विचारलं?

बहीण: नाही. हे टिकाग्रेलॉरचं आहे. मोठ्या अभ्यासात शंभरातल्या चौदा जणांना असं झालं होतं. नळ्या आवळत नाहीत, फुप्फुस तपासलं तर ठीक असतं, फक्त श्वास अपुरा वाटतो. बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. नाही झालं तर क्लोपिडोग्रेलवर बदलता येतं. पण आमच्याशी बोलल्याशिवाय बंद करायची नाही, स्टेंट नवीन आहे.

काका: म्हणजे तुमच्या गोळीनं दम लागला, मी त्यावर माझी गोळी वाढवली, आणि माझ्या गोळीनं तुमचं हृदय धडधडलं असतं तर तू मेटोप्रोलॉल वाढवली असतीस.

यावर दोघंही एकदमच हसले, पण ते हसू मोकळं नव्हतं. अशी साखळी कुठे कुठे सुरू असेल याची कल्पना करवत नाही.

बाकीच्या गोळ्यांवर फारसा वाद झाला नाही. अ‍ॅस्पिरिननं दम्याचा जोरदार अटॅक येणारे लोक असतात. फ्रान्समध्ये १९२२ मध्येच हे नोंदलं गेलं, आणि प्रौढ दमेकऱ्यांत असे साधारण सात टक्के. नाकात मांस वाढलेलं, वास कमी येतो, अशांनी विशेष जपायचं. आत्या मात्र डोकं दुखलं की डिस्प्रिन विरघळवून पिते, आणि अटॅकच्या वेळी तिला अँब्युलन्समध्येच अ‍ॅस्पिरिन चावायला दिलेली. तो प्रश्न तिथेच मिटला. रॅमिप्रिलनं कोरडा खोकला येतो, बायकांना जास्त, आणि तो सुरू झाला की गावातला डॉक्टर तो दम्याच्या खात्यावर टाकतो. आला तर टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या गटातली गोळी. एवढंच. फ्रुसेमाइड, साल्ब्युटामॉल आणि प्रेडनिसोलोन मात्र तिघंही रक्तातलं पोटॅशियम खाली आणतात, आणि दुबळ्या हृदयाला कमी पोटॅशियम म्हणजे ताल बिघडायला आयतं निमित्त. म्हणून दम्याच्या अटॅकच्या दिवसांत रक्त तपासायचं. केळी खा असं परस्पर सांगायचं नाही, कारण रॅमिप्रिल तेच पोटॅशियम उलट वाढवतं.

मग पंपाचा विषय निघाला आणि मला नवल वाटलं, कारण इथे आत्याच विरोधी पक्षात होती.

आत्या: पंप मी बंद केलाय. पलीकडची म्हणाली, हार्टवाल्यांना पंप वाईट. त्यापेक्षा मेडिकलमधनं दम्याची छोटी गोळी आणली.

बहीण: कुठली?

गोळी होती साल्ब्युटामॉलचीच, चार मिलिग्रॅमची. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांइतकं औषध, आणि ते थेट नळीत न जाता पोटातून रक्तात, रक्तातून हृदयावर. पंपाला भिऊन आत्यानं हृदयावर कितीतरी जास्त वजन टाकलं होतं. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे आजार शेवटच्या टप्प्यावर आला, हे समज आपल्याकडे इतके घट्ट आहेत की लोक छातीला हात लावून गोळी मागतात.

काका: आक्का, हे तू कधीपासून करतेस?

आत्या: चार दिवस झाले. हात थरथरतात म्हणून परवापासून अर्धीच घेते.

काका: (बहिणीला) तुझी मेटोप्रोलॉल ही थरथर थांबवायला बघणार, आणि ही गोळी तिला उलटं ओढणार. छान चाललंय.

बहीण: नुसता साल्ब्युटामॉलचा पंपही मला नको आहे. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात, एकट्या साल्ब्युटामॉलवर दमा ठेवू नका. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप द्या, रोज आणि गरजेलाही. दमा शांत राहिला तर तुमची ती डिसेंबरची रात्र उगवणारच नाही. आणि त्याच सूचनांत हेही आहे की हृदयाच्या अटॅकनंतर पहिल्या बीटापुरत्या गोळ्यांना दमा हा पूर्ण मज्जाव नाही. फायदा-तोटा तोलून द्यायच्या.

काका: तोलून. आता तोलूया. डेरिफायलिन मी आजच काढतो. ही साल्ब्युटामॉलची गोळी कचऱ्यात. त्या बदल्यात मेटोप्रोलॉल २५ च्या पुढे कारखाना बंद होईपर्यंत न्यायची नाही.

बहीण: मार्चपर्यंत? हृदयासाठी दोन आठवड्यांनी ५० करायला हवी.

काका: मार्च म्हणजे मार्च. हवं तर बिसोप्रोलॉल दे, ती जास्त नेमकी म्हणतात ना.

बहीण: देता येईल. १.२५ पासून.

आत्या: आणि डोळ्याचे थेंब?

दोघांनी एकदम विचारलं, कुठले थेंब? कोल्हापूरला काचबिंदू सांगितलाय, पुढच्या आठवड्यात थेंब सुरू करायचे आहेत, असं ती म्हणाली. इथे काका आणि बहीण यांच्यात पहिल्यांदाच काडीचाही मतभेद नव्हता. काचबिंदूसाठी १९७८ पासून अमेरिकेत वापरात असलेलं टिमोलॉल हे थेंबाच्या रूपातलं बीटा ब्लॉकर, आणि तेही दोन्ही बीटांना अडवणारं. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतं, नाकाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. लिव्हरच्या गाळणीतून जातच नाही. दमेकऱ्यांचे जीव त्यानं घेतलेले आहेत. डोळ्याचा डॉक्टर दम्याचं विचारायला विसरला आणि पेशंटला वाटलं थेंबच आहेत, तर छातीला काय करणार? काचबिंदूला लॅटानोप्रोस्टसारखे दुसरे थेंब असतात, तेवढंच मागायचं.

माझं मत विचाराल तर, या सगळ्यांत ज्याच्याजवळ दोन्ही याद्या एकत्र होत्या तो माणूस आमच्या वादात कुठेच नव्हता. आत्याच्या हृदयाच्या गोळ्या, दम्याच्या गोळ्या आणि चार मिलिग्रॅमची ती गोळी, सगळं एकाच मेडिकलमधून आलं होतं. तिथला फार्मासिस्ट डिप्लोमा करून बसलेला आहे. या जोड्या त्यानं परीक्षेत लिहिलेल्या असणार. त्याला कुणी काही विचारत नाही, तोही काही बोलत नाही, आणि साल्ब्युटामॉल चिठ्ठीशिवाय काउंटरवरून पुढे सरकतं.

संध्याकाळी बहिणीनं कागद घेतला आणि दोन्ही याद्या एकाखाली एक उतरवल्या. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: दमा आहे. प्रोप्रॅनोलॉल, टिमोलॉल नको. काकांनी आपल्या कपाटातून पीक फ्लो मीटर काढून आत्याला फुंकायला लावलं. तीनदा फुंकून सगळ्यात चांगला आकडा ३०० आला.

काका: रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायचं, वहीत लिहायचं. २४० च्या खाली आलं की मेटोप्रोलॉल बंद.

बहीण: बंद नाही! अचानक बंद केली तर हृदय उसळतं, छातीत दुखायला लागतं, पुन्हा अटॅक येऊ शकतो. आधी मला फोन.

काका: रात्री दोनला लागेल तुझा फोन?

बहीण: नाही लागला तर पंपाचे चार दाब स्पेसरमधून, वीस मिनिटांनी पुन्हा चार, आणि तुम्ही तिला घेऊन निघा. रुग्णालयात पहिलं वाक्य हेच सांगायचं की ही बीटा ब्लॉकरवर आहे, इप्राट्रोपियमही लावा. गोळीचं काय ते सकाळी दोघं मिळून ठरवू.

काका: हे सगळं त्या कागदावर लिही. माझ्या लक्षात राहील, पण मी घरी नसलो तर ड्रायव्हरला वाचता आलं पाहिजे.

बहीण: मराठीत लिहिते.

काका: आणि मार्चपर्यंत २५.

बहीण: जानेवारीत इको करू, मग बोलू.